उन्हाळ्याची सुट्टी आणि हाताचे काम



उन्हाळा लागला. ज्यांच्याजवळ पाणी आहे त्यांचे उन्हाळी धान उभे आहे. बाकीच्यांच्या बांध्या भेगाळल्या आहेत. मोहफुले वेचून झाली. तेंदूपाने तोडायला जाणारी मंडळी पहाटे निघतात आणि ऊन चढायच्या आत घरी येतात. शाळांना सुट्टी लागली. आपल्या विदर्भात ऊन फार कडक, म्हणून इथल्या शाळा जूनच्या अखेरीला उघडतात. म्हणजे पोरांना चांगली लांब सुट्टी मिळते आणि मोठ्यांनाही पाऊस येईपर्यंत थोडी उसंत असते.

दुपारी बारा वाजले की रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. घरोघरी दारे लोटलेली. कोणी झोपतो, कोणी पत्ते खेळतो, कोणी मोबाइल पाहत बसतो. आम्ही कोणाला नावे ठेवत नाही. वर्षभर राबलेल्या शरीराला विसावा पाहिजेच. पण एवढी लांब दुपार झोपूनही सरत नाही. संध्याकाळी उठल्यावर डोके जड होते आणि दिवस फुकट गेला असे वाटते. हा अनुभव सगळ्यांचाच आहे, नाही का?

म्हणून आज आम्ही तुमच्याशी एका साध्या गोष्टीवर बोलणार आहोत. सावलीत बसून, हळूहळू, आवडीने करायचे हाताचे काम.

हातकाम म्हटले की लोक लगेच विचारतात, "गुरुजी, याचे पैसे किती मिळतील?" तर आधीच सांगून टाकतो. फार मिळणार नाहीत. पोटासाठी हातकाम करणारे कसबी लोक आपल्या भंडारा जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भंडाऱ्याची पितळेची भांडी नावाजलेली. मोहाडीकडच्या विणकरांचे कोशाचे कापड दूरदूर जाते. बुरडाची सुपे-टोपल्या आणि धीवरांची जाळी तर आपण रोज पाहतो. त्यांच्या कामाला आयुष्य द्यावे लागते. आम्ही बोलतो आहोत ते काम लहान आहे. स्वतःच्या घरासाठी, स्वतःच्या आनंदासाठी, सुट्टीपुरते.

याबाबतीत आमच्याकडून एक चूक झाली होती. ती आधी सांगतो. मग काम कसे करायचे ते सांगतो.

आमचे गाव पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठापासून थोडे आत. आमचे वडील शेतकरी. शाळेत गेले नव्हते. दर उन्हाळ्यात दुपारी ते लिंबाखाली बसून अंबाडीचा दोर वळत. दावी, कासरे, बाजेचा दोर, विहिरीचा दोर, सगळे घरचेच. आम्ही १९७५ साली मॅट्रिक झालो, पुढे शिक्षक झालो. सुट्टीत घरी यायचो ते इस्त्रीचे कपडे घालून. एका उन्हाळ्यात आम्ही वडिलांना म्हणालो, "बाबा, आता हे सोडा. बाजारात नायलॉनचा दोर मिळतो, तो आणतो. मास्तराचा बाप दारात दोर वळत बसतो, हे बरं दिसत नाही."

वडील काही बोलले नाहीत. दोराचे वेटोळे केले आणि माळ्यावर ठेवून दिले. त्यानंतर त्यांना दोर वळताना आम्ही पाहिले नाही. १९९८ साली ते वारले.

आमची नोकरी झाली. मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो आणि गावी येऊन राहिलो. गावात प्रौढांचा रात्रवर्ग चालतो, तिथे शिकवायला जाऊ लागलो. वर्गात एक वृद्ध धीवर येत. आमच्यापेक्षा वयाने मोठे, म्हणून आम्ही त्यांना दादा म्हणतो. सगळा जन्म बोडीत आणि नदीत जाळे टाकण्यात गेला. त्यांना पाटीवर एक अक्षर काढायला फार वेळ लागे. एका रात्री आम्ही घड्याळ पाहिले आणि म्हणून गेलो, "दादा, एवढ्या वेळात पहिलीतलं पोरगं पान भरवतं."

वर्गात हशा पिकला. दादाही हसले. पण दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. आम्हाला वाटले, येतील. ते आलेच नाहीत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमचा नातू नागपूरहून सुट्टीला आला. वय वर्षे अकरा. आठ दिवसांत कंटाळला. माळ्यावर चढून जुने सामान काढू लागला आणि त्याच्या हाती ते वेटोळे लागले. चुलीच्या धुराने काळे झालेले. वरचे दोन वेढे उंदरांनी कुरतडले होते, आतला दोर पक्का होता. एक टोक सुटे, दोन पदर मोकळे, जसे वडिलांनी सोडले तसेच.

नातू म्हणाला, "आजोबा, हा अर्धाच का आहे? पुढे कसा करायचा?"

आम्हाला सांगता येईना. लहानपणी शंभर वेळा पाहिले होते. पण हातात पदर घेतले तर ते उलगडून जाऊ लागले. चाळीस वर्षे पोरांना शिकवले आणि बापाचे एवढे काम आम्हाला येत नव्हते.

गावात विचारले. सगळ्यांनी एकच नाव सांगितले. दोर वळावा तर दादांनी. आता त्यांच्या दारी कोणत्या तोंडाने जायचे? दोन दिवस टाळले. तिसऱ्या दिवशी नातूच हाताला धरून घेऊन गेला.

दादा मांडवाखाली जाळे दुरुस्त करत होते. आम्हाला पाहून उठले, सतरंजी टाकली, पाणी दिले. वेटोळे हातात घेऊन बराच वेळ निरखले. म्हणाले, "तुमच्या बाबाचा हात हाये हा. सारका दोर. कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही." त्यांच्याकडे अंबाडीचा वाख होता. तिथेच आमची शाळा सुरू झाली.

पहिल्या दिवशी दुपारभर बसून आम्ही दीड हात दोर वळला. तोही कुठे बोटाएवढा, कुठे सुतळीसारखा. दादांनी तो मोजला नाही की हसले नाहीत. म्हणाले, "पहिल्या दिवशी सगळ्यायचं असंच होते जी."

नातवाने मात्र हिशेब मांडला. बाजेला दीडशे हात दोर पाहिजे. वडिलांचा चांगला निघाला एकशे दहा हात. राहिले चाळीस. रोज दीड हात धरला तर सत्तावीस दिवस. तो म्हणाला, "आजोबा, तोवर मी नागपूरला!"

चौथ्या दिवशी आम्ही धीर करून बोललो, "दादा, त्या रात्री वर्गात आम्ही बोललो, ते चुकलं आमचं."

दादांचा हात थांबला नाही. म्हणाले, "वाख वाळून राह्यला गुरुजी. पाणी शिंपडा." आम्ही पाणी शिंपडले.

हळूहळू हात बसला. दीडाचे दोन झाले, दोनाचे चार. नातू वाखाची भर देऊ लागला. जाणारे-येणारे टेकू लागले. ज्यांनी वीस वर्षांत दोर वळला नव्हता ते म्हणत, "आणा इकडं, पाहू, येते का अजून." तेराव्या दिवशी चाळीस हात पुरे झाले. आमच्या घरच्या जुन्या बाजेचे नायलॉन काढून दादांनी, आम्ही आणि नातवाने मिळून ती नव्याने विणली.

आता दोर कसा वळायचा ते ऐका. ज्यांना येते त्यांनी हसू नये. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी हे आहे.

अंबाडी पावसाळ्यात बांधाच्या कडेने पेरतात. तिच्या पाल्याची भाजी आपण खातोच. फुलावर आली की झाडे कापून जुड्या बांधतात आणि पाण्यात बुडवून ठेवतात. साधारण दोन-तीन आठवड्यांत साल कुजून सुटते. ती ओढून, धुऊन, वाळवली की वाख तयार होतो. उरलेल्या काड्या चूल पेटवायला येतात.

वळताना वाखावर थोडे पाणी शिंपडावे. कोरडा वाख तुटतो आणि हाताला टोचतो. वाखाचे दोन सारखे पदर करावे. त्यांचे टोक खांबाला बांधावे. दोन्ही पदरांना एकाच अंगाने पीळ द्यावा. मग ते दोन्ही एकमेकांवर उलट अंगाने गुंडाळावे. इथेच सगळी खुबी आहे. पदर उलगडायला पाहतात एका बाजूला आणि दोर त्यांना आवळतो दुसऱ्या बाजूला. म्हणून दोर सुटत नाही. दोन्ही पीळ एकाच अंगाने दिले तर हात सोडताच सारे मोकळे होते. आमचे पहिल्या दिवशी तेच होत होते.

पदर बारीक होऊ लागला की नवा वाख त्यात मिसळावा. पण दोन्ही पदरांना एकाच जागी भर घालू नये. तिथे दोर कच्चा राहतो. एका पदराला इथे, दुसऱ्याला वीतभर पुढे. दोर झाला की दोन झाडांना ताणून बांधावा आणि चिंधीने जोरात घासावा. वरची कुसे निघून जातात.

नायलॉनचा दोर वाईट असे आम्ही म्हणत नाही. तो पाण्यात कुजत नाही. अंबाडीचा दोर सारखा भिजला तर कुजतो, म्हणून बाज पावसात अंगणात ठेवू नये. पण उन्हाळ्यात अंबाडीच्या बाजेवर झोपून पाहा. पाठीला वारा लागतो आणि दोर टोचत नाही.

ज्यांना दोर वळायचा नाही, त्यांनी दुसरे काम घ्यावे. एक-दोन सांगतो.

पळसाला उन्हाळ्यात नवी पाने फुटतात. बांधावरच्या पळसाची मोठी, न फाटलेली पाने आणावी. एकावर एक रचून वर दगड ठेवावा, म्हणजे ती सपाट होतात. बांबूच्या बारीक चोया काढून पाने टाचत जावे. मध्ये एक मोठे पान, भोवती बाकीची, प्रत्येक पानाची कड दुसऱ्यावर चढलेली. नाहीतर वरण खालून गळते! बायाबापड्यांना हे सांगायला नको. पण हे काम फक्त बायांचेच असे कोणी ठरवले? पुरुषांनीही बसावे. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली. पत्रावळीचे तसे नाही. जेवण झाले की ती खताच्या खड्ड्यात टाकावी, पावसाळ्यात तिची माती होते. उन्हाळ्यात घरात लग्न असेल तर चार घरांनी मिळून पत्रावळी लावाव्या. गप्पा होतात आणि पंगतही बसते.

दुसरे काम नंदीचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा भरतो. पोरे लाकडी नंदी सजवून नेतात. हल्ली बाजारातून रंगवलेला नंदी आणतात. तो दिसायला छान असतो. पण उन्हाळ्यात बापाने आणि पोराने मिळून, हलके लाकूड घेऊन, रोज थोडे थोडे तासून नंदी केला तर? एक शिंग लहान, एक मोठे होईल. होऊ द्या. पोरगे तो नंदी मोठेपणीही टाकून देणार नाही. मात्र धारेची हत्यारे मोठ्या माणसाने चालवावी. पोराने घासावे, रंगवावे, चाके बसवावी.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, तुम्ही शाळेतले. पोरांनी सुट्टीत चार पुस्तके वाचावी असे सांगायचे सोडून हे काय सांगता?

मंडळी, हातकाम आणि शिक्षण यांचे वैर नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात आपल्याच विदर्भात, वर्ध्याला, शिक्षणाची एक परिषद भरली होती. महात्मा गांधी अध्यक्ष होते. मुलांनी एखादा हस्तोद्योग करावा आणि त्या कामातूनच गणित, भाषा, भूगोल शिकावे, असा विचार तिथे मांडला गेला. पुढे डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रम केला. हीच नयी तालीम. त्यामुळे टकळीवर सूत काततच कित्येक मुले शिकली. युरोपात फिनलंड नावाचा थंड देश आहे. तिथे १८६६ पासून शाळेत हातकाम शिकवतात. सुतारकाम, विणकाम, शिवणकाम. तो देश आज शिक्षणात पुढारलेला म्हणून ओळखला जातो.

आमच्या नातवाने त्या तेरा दिवसांत काय केले ते पाहा. हात मोजले, वजाबाकी केली, भागाकार केला. अंबाडी कुठे उगवते, वाख का भिजवायचा, पीळ उलट का द्यायचा, हे विचारले. आम्ही एकदाही त्याला अभ्यासाला बस म्हटले नाही. मोबाइल घरातच होता. दुपारी तो कोणी लपवून ठेवला नाही. दोर वळायला दोन्ही हात लागत होते, एवढेच.

आता चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, उन्हात बसू नका. सकाळी आणि दुपारी सावलीत काम करा. जवळ पाण्याचा माठ असू द्या. डोळ्यांपुढे अंधारी आली, गरगरले, तर काम बाजूला ठेवा, थंड जागी पडा, पाणी प्या.

दुसरी गोष्ट, पानासाठी, काडीसाठी एकट्याने रानात शिरू नका. आपल्या भागात वाघ आहे, बिबट्या आहे, अस्वल आहे. बांधावरचे आणि गावाजवळचे घ्या.

तिसरी गोष्ट, एकच काम घ्या आणि लहान घ्या. एक दावे, दहा पत्रावळी, एक नंदी. फार मोठे काम घेतले की ते अर्धवट पडते आणि मन खट्टू होते.

चौथी गोष्ट, एकटे बसू नका. म्हातारे आणि पोरे एकत्र बसू द्या. गावातल्या ज्या म्हाताऱ्याला ते काम येते त्याला मानाने बोलवा. तुमच्या गावात असे किती हात आहेत, कधी मोजलेत? त्यांना आता कोणी विचारत नाही. विचारले नाही तर ते सांगतही नाहीत. आमच्या बाबांना आम्ही विचारले नाही. त्यांनी सांगितले नाही.

घाई करू नका, हे तर वेगळे सांगायला नकोच. शेतीत घाई असते. रोवणीला आली वेळ टळली तर वर्ष जाते. कचेरीत घाई, बस पकडायची घाई. या कामाला घाई नाही. आज दीड हात झाला तर दीड हात. उद्या पुढचा.

बाज विणून झाल्यावर आठ दिवसांनी दादा वर्गात आले. मागच्या रांगेत बसले. पिशवीतून पाटी काढली. आम्ही काही बोललो नाही, तेही नाही. त्या रात्रीपासून आम्ही वर्गात जाताना घड्याळ घरी ठेवतो. दादांचे अक्षर आजही सावकाशच होते. पण नीट पाहिले तर ते सारखे असते. कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही.

ती बाज आमच्या पडवीत आहे. आलात तर दाखवू. तिच्यावर एका बाजूला काळा दोर आहे आणि दुसऱ्या बाजूला पांढरा. काळा बाबांचा, पांढरा आमचा. जोड कुठे आहे ते लांबूनही दिसते. यंदा नातू येणार आहे. त्याला आता जाळे विणायला शिकायचे आहे. आम्ही दादांना विचारून ठेवले आहे.

तुम्हाला हा धडा वाचायला दोन दिवस लागले असतील, चार लागले असतील. काही बिघडत नाही. जिथे थांबलात तिथे खूण करून ठेवा आणि उद्या तिथून पुढे वाचा. आणि दुपारी सावलीत बसाल तेव्हा हातात काहीतरी घेऊन बसा.